शिफारशीचं बटण

मी काय काम करत होते हे मला आजवर कोणाला एका वाक्यात सांगता आलेलं नाही. शेजारच्या काकूंना मी सांगितलं होतं की मी कॉम्प्युटरवर खुणा करते. त्यांनी विचारलं, "कशाच्या खुना वं?" मी म्हटलं, "हे उपयोगी, हे निरुपयोगी, हे नंतर पाहू." काकू म्हणाल्या, "अन् त्याच्यासाठी तुले ठेवलं? हे तं मी बी करतो घरी बसून."

काकूंचं चूक नव्हतं. पण काकू दिवसाला दोनशे खुणा करत नव्हत्या, आणि प्रत्येक खुणेपुढे 'का?' या रकान्यात कारणही लिहीत नव्हत्या. मी ते सव्वादोन वर्षं केलं, भंडाऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात बसून, एकटीनं.

त्याआधी मी त्याच घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत होते. अकरा यंत्रं होती. सकाळी सहापासून मुलं यायची आणि यंत्रांचा असा काही कडकडाट चालायचा की आई मागच्या खोलीतून ओरडायची, "दार तरी लावून घे!" मुलांना शिकवण्यासोबत मी लोकांची कागदपत्रंही टाइप करून द्यायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि सगळ्यात जास्त म्हणजे शिफारसपत्रं. 'सदर इसम माझ्या व्यक्तिगत परिचयाचा असून अत्यंत होतकरू व प्रामाणिक आहे' हे वाक्य मी झोपेतसुद्धा चुकीशिवाय टाइप केलं असतं. ज्याच्या परिचयाचा म्हणून लिहायचं तो पुढारी त्या इसमाला ओळखत नसे. तरी कागद घेऊन जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर निम्मं काम झाल्याचा आनंद असे. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगून ठेवते आहे.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला आणि माझी एकुलती बहीण आणि भाऊजी नवीन जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. पुढे कॉम्प्युटर आले आणि मुलं गेली. मग आई गेली. अकरा यंत्रांवर मी प्लास्टिकची कापडं घातली आणि दार उघडंच ठेवायला लागले, कारण आता ओरडायला कोणी नव्हतं.

चेतन हा माझा जुना विद्यार्थी. मिनिटाला चाळीस शब्दांच्या इंग्रजी टायपिंग परीक्षेत दोनदा नापास झालेला, पण डोक्यानं तल्लख. तो नागपूरला एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. एक दिवस त्याचा फोन आला. "मॅडम, आपल्याकडे एक काम आहे. मराठी चांगलं पाहिजे, नजर बारीक पाहिजे अन् माणूस घरी बसणारा पाहिजे. तुमच्याशिवाय कोणी डोळ्यासमोर आलं नाही." यातल्या तिसऱ्या अटीचा मला थोडा राग आला. पण अट मी पूर्ण करत होते.

काम काय ते सांगते. इंटरनेटवरची पानं ज्यातून उघडतात त्याला ब्राउजर म्हणतात. चेतनच्या कंपनीनं त्या ब्राउजरला जोडायचं एक अवजार तयार केलं होतं. ते जोडलं की पानाच्या उजव्या कडेला एक उभी पट्टी दिसायची. पट्टीचं नाव 'आपली माणसं'. तुम्ही तुमच्या ओळखीच्या माणसांची नावं त्यात घालायची. वाचता वाचता एखादं पान चांगलं वाटलं की एक बटण दाबायचं. लगेच ते पान तुमच्या माणसांच्या पट्टीत जाऊन बसायचं, तुमच्या नावानिशी. त्यांनी दाबलं की तुमच्या पट्टीत यायचं. एवढंच. अनोळखी यंत्रानं सुचवण्यापेक्षा ओळखीच्या माणसानं सुचवलेलं बरं, असा त्यामागचा विचार होता आणि मला तो अजूनही पटतो.

माझं काम हे अवजार कसं चालतं ते तपासायचं. पट्टीत आलेल्या प्रत्येक पानाखाली तीन बटणं असत: उपयोगी, निरुपयोगी, नंतर पाहू. पान उघडायचं, वाचायचं, खूण करायची, कारण लिहायचं. माणसानं निरुपयोगी म्हटलं की अवजार शिकायचं आणि त्या शिफारस करणाऱ्याची पानं पट्टीत खाली खाली ढकलायचं. ते नीट शिकतं आहे की नाही हेही मीच पाहायचं. बाहेरच्याला हे सोपं वाटतं. यातली खरी अवघड गोष्ट अशी की तुम्हाला काय आवडलं हे कोणी विचारत नाही. ज्याला पान पाठवलं त्याच्या जागी बसून पाहावं लागतं. मला ते चांगलं जमतं, असा माझा समज होता.

पण आणखी एक अडचण होती. हे अवजार माणसांवर चालायचं आणि माझ्याकडे माणसं नव्हती. पहिल्या दिवशी मी ते जोडलं तेव्हा पट्टीत लिहून आलं, 'तुमच्या माणसांची नावं घाला.' मी बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसले. बहिणीकडे कॉम्प्युटर नव्हता. चेतनचं नाव घातलं, तर तो कामात, महिनाभर त्यानं काही पाठवलं नाही. शेवटी त्यानंच सुचवलं की चाचणीसाठी पाच खोटी खाती उघडा. मी उघडली. त्यातली एक प्रमिला. तिला स्वयंपाकाची आवड, शिवणाची आवड, आणि ती जरा बोलघेवडी. दिवसभर मी प्रमिला होऊन पाककृतींची पानं वाचायची आणि बटण दाबायची. दुसऱ्या दिवशी मी मी होऊन पट्टी उघडायची, तर तिथे असायचं: 'प्रमिला यांची शिफारस, तुमच्यासाठी.' आदल्या दिवशी मीच दाबलं हे मला माहीत असायचं. तरी बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? प्रमिलानं सुचवलेली जवसाची चटणी मी दोनदा केली.

मग कंपनीला वाटलं की खरी माणसं हवीत, आणि तीही नागपूरबाहेरची. त्याआधी अवजाराची सगळी भाषा मराठी करायची होती. चेतननं मला इंग्रजी शब्दांची यादी पाठवली आणि मराठी शब्द माझ्यावर सोपवले. मी आठवडाभर त्यावर बसले. मुख्य बटणासाठी त्यानं 'सुचवा' असं कच्चं लिहून ठेवलं होतं. मला ते फार हलकं वाटलं, घरातल्या घरात बोलल्यासारखं. मी ते खोडून 'शिफारस करा' लिहिलं. बटण दाबल्यावर जो निरोप दिसायचा तोही मीच केला: 'तुमची शिफारस पोहोचली आहे.' चेतन म्हणाला, "वा मॅडम, वजनदार शब्द आहे." मी खूश झाले. ज्या बाईनं आयुष्यभर शिफारसपत्रं टाइप केली तिला त्या शब्दात वावगं काही दिसलं नाही.

माझी पाच खरी माणसं मी जिल्ह्यातून गोळा केली. त्यातले एक भंडाऱ्यातले पितळी भांड्यांचे दुकानदार. त्यांनी पंधरा दिवस रोज फक्त आपल्याच दुकानाच्या पानाची शिफारस केली आणि मी 'निरुपयोगी' म्हटलं की फोन करून भांडायचे. त्यांच्याच घरी एक मोठा घोटाळा झाला. त्यांच्या यादीत सुनेचंही खातं होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिनं बी.एड.च्या प्रवेशाचं पान नुसतं उघडून पाहिलं, बटणही दाबलं नाही, तरी सासऱ्याच्या पट्टीत ते पान 'तुमच्या माणसांनी पाहिलेलं' म्हणून झळकलं. घरात तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी मला फोनवर खडसावून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की ते पान चाचणीसाठी मीच टाकलं होतं. नोकरीत मी बोललेलं ते पहिलं खोटं. मग मी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं की माणूस काय पाहतो आणि काय दुसऱ्याला दाखवतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी ती खोड काढून टाकली. या एका गोष्टीचा मला आजही अभिमान आहे. सून पुढे बी.एड. झाली की नाही ते मला माहीत नाही.

पाचवे माणूस म्हणजे यादवराव. मोहाडीचे. तालुक्याच्या ऑफिसात तीस वर्षं शिपाई होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. मोहाडीत एक इंटरनेट कॅफे होता. तिथल्या एका कॉम्प्युटरवर आमचं अवजार जोडायला मी गेले, तेव्हा ते बाकावर बसून मुलीसाठी जाहिरातींचे पेपर चाळत होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. मी कामाचं सांगितलं तसे लगेच उभे राहिले. "जय भीम मॅडम. रोज एक घंटा बसाचं न? बसतो. मले रिकामं राहवत नाही." कॅफेवाल्याशी कंपनीनं बोलणं केलं होतं, त्यामुळे त्यांचा तो तास फुकट होता. मी त्यांना माऊस धरायला शिकवला आणि पट्टीत पहिलं माणूस म्हणून माझंच नाव घातलं, म्हणजे त्यांची पट्टी रिकामी दिसू नये. "आणखी कोणाची नावं घालू?" मी विचारलं. ते हसले. "माह्या ओळखीत कॉम्प्युटरवाला कोन हाये? तुमीच राहा."

मी निघताना त्यांनी बटणावर बोट ठेवलं, अक्षरं लावून वाचली, 'शिफारस करा.' मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोनीबी करू शकते?"

मी म्हटलं, "हो तर. त्यासाठीच आहे."

"माह्यासारख्यानं केली तरी पोचते?"

"लगेच पोहोचते," मी म्हटलं. हा संवाद मला पुढे फार महाग पडला.

दुसऱ्याच दिवसापासून माझ्या पट्टीत यादवराव यायला लागले. 'यादवराव यांची शिफारस, तुमच्यासाठी.' उघडून बघते तर शाळेची जाहिरात: शिक्षिका पाहिजे. दुसऱ्या दिवशी आणखी एक शाळा. तिसऱ्या दिवशी दोन. मला हसू आलं. हा माणूस मला या वयात मास्तरीण करायला निघाला आहे की काय? मी नियमाप्रमाणे खूण केली: निरुपयोगी. 'का?' या रकान्यात लिहिलं: 'शिफारस करणाऱ्याला माझी गरज माहीत नाही.' रोज तेच लिहायचा कंटाळा आला तेव्हा मी ते वाक्य एकदा करून ठेवलं आणि रोज उतरवायला लागले. मी एक-दोनदा कॅफेत फोन करून कॅफेवाल्याला विचारलं की ते नीट वापरतात ना? तो म्हणाला, "अरे मॅडम, ते तं पूजा केल्यासारखं बसते. टोपी काढून." मग मी काळजी सोडली. अवजारही आपलं शिकत होतं. यादवराव माझ्या पट्टीत हळूहळू तळाला गेले, इतके की त्यांच्यापर्यंत पोहोचायला मला खाली खाली सरकावं लागायचं. तरी रोज सरकायची आणि खूण करायची. कामात मी कुचराई केली नाही.

दीड महिना झाल्यावर चेतनचा फोन आला, आनंदात. कंपनीला आपलं अवजार एका मोठ्या गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. "मॅडम, सगळ्या लोकांमध्ये सगळ्यात जास्त शिफारशी कोणाच्या असतील? तुमच्या मोहाडीच्या शिपाईदादांच्या! एक दिवस खाडा नाही. त्यांचा एक फोटो अन् दोन शब्द आणा. खेड्यातला रिटायर शिपाई रोज इंटरनेट वापरतो, हे लई भारी दिसेल." मीही फुलले. माझं माणूस पहिलं आलं होतं. मी चेतनचा कॅमेरा मागवून घेतला, चांगली साडी नेसले आणि मोहाडीच्या एसटीत बसले.

घर साधं, विटांचं, समोरच्या ओट्यावर शिकवणीच्या मुलांच्या चपला. आत यादवरावांची मुलगी वैशाली सात-आठ मुलांना पाढे म्हणायला लावून स्वतः तांदूळ निवडत होती. डी.एड. होऊन तिला सहा वर्षं झाली होती. यादवरावांनी मला ओट्यावर खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि मी कॅमेरा काढायच्या आतच विचारलं, "मॅडम, एक विचारू? शिफारस तं रोज पोचली म्हनते. मंग बोलावनं कवा येते?"

मी म्हटलं, "कसलं बोलावणं?"

ते आत गेले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात एक भरलेला अर्ज होता. मोहाडीतल्याच एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती, घरापासून चालत दहा मिनिटांवर. अर्ज वैशालीच्या नेटक्या अक्षरात, फोटो चिकटवलेला, सगळ्या प्रती जोडलेल्या. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "हा बी तयार हाये. बोलावलं का घेऊनच जातो."

मी जाहिरातीची तारीख वाचली. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस परवा होऊन गेला होता.

"यादवराव, हा दिला का नाही अजून?"

"देतो न. आधी चिठ्ठी जाते, मंग आतून विचारते, कोन हाय बा हा, मंग फारम. तीस साल पाहलं मी." ते मला समजावून सांगत होते, अगदी प्रेमानं, जसं मी त्यांना माऊस समजावला होता. "बाहीर रांग राहे, मॅडम. ज्याच्यापाशी शिफारस राहे तो रांगेत नाही लागे. मी सोता दार उघडून देत होतो त्यायले."

पाढे थांबले होते. वैशाली उठून दारात आली होती. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग त्या अर्जाकडे.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी तं मंगळवारी देऊन आलो म्हनलं होतं."

"शिफारस देऊन आलतो," यादवराव म्हणाले. "तेच तं मोठं काम."

मला त्या वेळी उठून निघून जावंसं वाटलं. कोणाला काही कळलं नसतं. पण समोर दोघं उभी होती आणि त्या घरात खरं काय ते माहीत असलेली मी एकटीच होते. मी सांगितलं. सांगितलं की ते बटण नोकरीचं नाही, ते नुसतं पान दुसऱ्याला दाखवायचं बटण आहे. शाळेला त्यातलं काही कळत नाही. 'शिफारस' हा शब्द मी लिहिला, माझ्या हातानं, दुसरा साधा शब्द खोडून.

यादवरावांना ते लवकर उमजेना. वैशालीला लगेच उमजलं. तिनं विचारलं, "मंग एवढे दिवस बाबानं केल्या त्या शिफारशी गेल्या कोनापाशी?"

"माझ्यापाशी."

"सगळ्या?"

"सगळ्या. त्यांच्या यादीत माझं एकटीचंच नाव आहे."

"मंग तुमी काय केलं त्यायचं?"

हे मला टाळता आलं असतं. चाचणीत होत्या, असं काही गुळमुळीत सांगता आलं असतं. पण दुकानदाराला खोटं बोलले तेव्हा कोणाचं तरी झाकलं होतं, इथं फक्त माझं झाकलं गेलं असतं. "मी प्रत्येकीवर निरुपयोगी अशी खूण केली," मी म्हटलं.

वैशाली म्हणाली, "बराबर केलं. निरुपयोगीच होत्या."

यादवराव खाली ओट्याच्या कडेला बसले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पिशवीतून बाहेर आलेले कागद ते परत सारखे करत होते. "तीस साल दुसऱ्यायसाठी दार उघडलं," ते म्हणाले. "म्या म्हनलं, आता एक आपल्या पोरीसाठी उघडलं."

"बाबा, तुमाले कितीदा सांगतलं, आपल्याले शिफारस नाही लागत. मले मार्क हायेत," वैशाली म्हणाली. आवाज चढलेला होता, पण तिनं त्यांच्या हातातले कागद हळूच काढून घेतले. मग मुलांकडे वळून म्हणाली, "काहून थांबले? नवाचा पाढा कोन म्हनन?"

मी त्या दिवशी दोघांना घेऊन शाळेत गेले. हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण अर्ज मोजून वर पाठवले गेले होते आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. परत येताना यादवराव दोन पावलं मागून चालत होते. स्टँडवर ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यापाशीच आल्या न साऱ्या? तं तुमीच करा एखादी. तुमच्या वळखीचं कोनी असन."

मी त्यांना खरं ते सांगितलं. "माझ्या ओळखीचं कोणी नाही, यादवराव. माझ्या यादीत रोज काही पाठवणारे तुम्ही आहात आणि एक खोटी प्रमिला आहे." त्यांना हे दुसरं वाक्य कळलं नाही. पहिलं कळलं. ते माझ्याकडे असे पाहायला लागले की बस आली तेव्हा मला बरं वाटलं.

घरी येऊन मी अहवाल लिहिला. फोटो पाठवला नाही. लिहिलं की सर्वांत जास्त शिफारशी करणारा माणूस हे अवजाराचं यश नसून माझ्या भाषांतराची चूक आहे. आमच्या भागात हा शब्द रांग चुकवून आत जाण्यासाठी वापरतात, आणि ज्यांना कधी आत जाता आलं नाही तीच माणसं तो सगळ्यात खरा मानतात. तो शब्द आजच्या आज काढा. चेतन म्हणाला, "मॅडम, एका माणसाच्या गैरसमजापायी एवढं?" मी म्हटलं, "तुझ्या फोटोतसुद्धा एकच माणूस येणार होता." त्यानं शब्द बदलला. बटणावर परत 'सुचवा' आलं. मी यादवरावांच्या सगळ्या पानांवरच्या खुणा बदलता येतात का ते पाहिलं. येत नव्हत्या.

पुढच्या वर्षी अवजारच बंद झालं. इंटरनेटवर मोठमोठ्या साइट निघाल्या होत्या, लोक तिकडे आपली माणसं शोधायला गेले. शेवटच्या दिवशी मी पट्टी उघडली तर तिथे प्रमिलानं पाठवलेली पानं होती. मी ती तशीच सोडून दिली.

कॅमेरा परत करायच्या आधी मी वैशालीला फोन केला होता. विचारलं, जाहिराती माझ्या नजरेस पडतात, तुला कळवत जाऊ का? ती लगेच म्हणाली, "शिफारस नोको. जाहिरात दिसली तं सांगा. तारखेच्या आधी." शेवटचे तीन शब्द मला लागले आणि लागायलाच हवे होते. तेव्हापासून मी रोज सकाळी चहाआधी सगळ्या जाहिराती वाचायला लागले आणि तिच्या फोनवर निरोप टाकायला लागले: शाळा, गाव, तारीख. ती एका शब्दात उत्तर द्यायची. निरुपयोगी. निरुपयोगी. कधी उपयोगी. ती मला चिडवत होती की नुसतं काम करत होती, हे मी कधी विचारलं नाही. मात्र इतक्या वर्षांत माझ्याशी रोज बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

असं बरंच चाललं. मग साकोली तालुक्यातल्या एकोडीच्या एका शाळेची जाहिरात मी पाठवली, तिनं 'उपयोगी' लिहिलं, अर्ज स्वतः नेऊन दिला, मुलाखत दिली आणि लागली. कोणाच्या चिठ्ठीशिवाय. तिनं फोन करून सांगितलं, "लागली मॅडम. आता नोका पाठवू." मी अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं जाहिराती वाचल्या, एक चांगली दिसली, निरोप लिहिला आणि मग आठवलं. तो पाठवायला कोणी नव्हतं. मी चहा ठेवला.

गेल्या दिवाळीत तिचा निरोप आला. बापाला तिनं एकोडीला नेलं होतं. लिहिलं होतं: 'बाबा मनते, मॅडम एकट्याच रायते, चार रोज येऊन जा मना. बाबाची शिफारस हाये.'

मी तो वाचला आणि ठेवून दिला. मनात म्हटलं, नंतर पाहू. आधी थंडी होती, मग ऊन, मग धानाच्या रोवणीचे दिवस, त्यांना कशाला त्रास. कारणं लिहायची मला सवय आहे. सव्वादोन वर्षांच्या कामात मी एक गोष्ट पक्की पाहिली आणि अहवालातही लिहिली: 'नंतर पाहू' या खुणेखाली माणसं जे ठेवतात ते पुन्हा उघडत नाहीत. निरुपयोगी म्हटलेलंसुद्धा एखादा परत जाऊन बघतो, नंतरचं मात्र कोणी बघत नाही. त्या रकान्यात मी स्वतः यादवरावांना अकरा महिने ठेवलं होतं.

हा लेख लिहिताना शब्द बरोबर उतरावेत म्हणून तो निरोप मी आज उघडला. लिहिणं थांबवलं आणि उत्तर टाकलं: 'रविवारी येते. सकाळच्या गाडीनं.'

मला वाटलं, शाळेची वेळ आहे, उत्तर संध्याकाळी येईल. पेन उचलायच्या आत फोन वाजला.

'उपयोगी,' तिनं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. 'बाबा फाट्यावर राहतीन, तिथंच उतरजा.'